तो पडला नाही, त्याला उतरवलं

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासगटात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



तुम्ही मला विषय दिलात, 'नावांनी खरंच फरक पडतो का?' विषय वाचला आणि मला माझा अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म आठवला. त्यात एक रकाना होता, 'वडिलांचा व्यवसाय'. माझे वडील तालुक्याच्या गावी नगरपालिकेत सफाई कामगार होते. गटारी काढायचे आणि चोकअप झालं की चेंबरमध्ये उतरायचे. मी रकान्यात लिहिलं, 'नोकरी, नगरपालिका, आरोग्य विभाग'. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, कारण सफाई कामगार आरोग्य विभागातच मोडायचे. पण वर्गातल्या मुली दोन वर्षं समजत होत्या की माझे पप्पा दवाखान्यात कंपाउंडर आहेत. मी त्यांना तसं समजू दिलं.

इथे कुणाला हात वर करायला सांगत नाही. पण घरातले पहिले पदवीधर असलेल्या आपल्यासारख्यांनी असा एखादा रकाना कधी ना कधी असाच भरलेला असतो. म्हणून 'नावाने काय फरक पडतो' असं कुणी म्हटलं की मला वाटतं, या माणसाला तो रकाना भरताना कधी थांबावं लागलं नसेल.

आज मी पीएच.डी. करते ती याच कामावर. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्या माणसांच्या कामावर. फील्डवर्कमध्ये मला एका कागदाने जे शिकवलं ते आज सांगते.

महाराष्ट्रातल्या एका शहरात मी एका बाईंना भेटले. वय माझ्याएवढंच, पदरात दोन मुलं. नवरा एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. एका सोसायटीची टाकी उपसायला गाडी गेली. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हॅक्यूमची गाडी वरचं पाणी ओढून घेते, पण तळाला घट्ट बसलेला गाळ तिला ओढता येत नाही. तो पाणी मारून, ढवळून सैल करावा लागतो. त्याला वेळ लागतो, दुसरी फेरी लागते, डिझेल लागतं. त्यापेक्षा माणूस स्वस्त पडतो. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. आतल्या माणसाला वाटतं, वास गेला म्हणजे हवा बरी झाली. मग तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. म्हणून अशा बातम्यांमध्ये मेलेले लोक अनेकदा दोन-तीन असतात.

त्या बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली. अकस्मात मृत्यूची नोंद. तिच्यात लिहिलं होतं की, टाकीचं काम चालू असताना तोल जाऊन आत पडून, गुदमरून मृत्यू. बाईंनी 'पडून' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, पडला कुठं तो? त्याला उतरवलं."

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, नेट काढली, बरेच मोठे शब्द शिकले. पण एवढ्या कमी शब्दांत एवढं नेमकं मला कुणी शिकवलं नव्हतं.

शाळेतलं व्याकरण आठवून बघा. 'तो पडला' या वाक्यात एकच माणूस आहे. पडणाराही तोच आणि चूकही त्याचीच. 'त्याला उतरवलं' म्हटलं की वाक्यात आणखी कुणीतरी येतं. ते प्रयोजक क्रियापद आहे. मग विचारावं लागतं, कुणी उतरवलं? फोन कुणी केला, झाकण कुणी उघडलं, पैसे कुणी ठरवले, दोर आणि ऑक्सिजनचा मास्क कुणी आणला नाही? एका क्रियापदाने सोसायटीचा सेक्रेटरी, ठेकेदार आणि नगरपालिका तिघेही वाक्याच्या आत येतात. दुसऱ्या क्रियापदाने तिघेही बाहेर जातात.

आणि हा फरक फक्त व्याकरणाचा नाही. 'पडला' असेल तर अकस्मात मृत्यू, फाइल बंद. 'उतरवलं' असेल तर २०१३ चा कायदा लागतो, कारण सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मेलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा प्रश्न येतो, कारण २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला हाताने मैला साफ करायला लावणं त्या कायद्याखालीही गुन्हा झालं. आणि भरपाई. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. एका विधवेच्या घरात ३० लाख येणार की शून्य, हे पहिल्या दिवशी त्या कागदावर कोणतं क्रियापद लिहिलं यावर बरंचसं ठरतं.

खाजगी सोसायटी असेल तर सरकारचा संबंध नाही असं सांगतात. तेही खरं नाही. मुंबईत गोवंडीला एका खाजगी इमारतीच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सरकारला सांगितलं की, भरपाई तुम्ही द्या आणि नंतर जबाबदार असलेल्यांकडून वसूल करा. हा निकाल लक्षात ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आता त्या कागदावरून दिल्लीच्या कागदावर येऊ. जे हवालदार एका शब्दाने करतो, तेच सरकार व्याख्येने करतं.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. त्याचं लक्ष कोरड्या संडासांवर होतं. डोक्यावरून पाटी नेणारी बाई त्याला दिसत होती, गटारात उतरणारा पुरुष दिसत नव्हता. पुढे सफाई कर्मचारी आंदोलन सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा अनेक राज्यांनी शपथपत्रावर सांगितलं की आमच्याकडे असा एकही माणूस नाही. आंदोलनाच्या कार्यकर्त्यांना गावोगावी जाऊन फोटो आणि नावं गोळा करून दाखवावी लागली. त्या रेट्यातून २०१३ चा कायदा आला. तो पहिल्यापेक्षा खूप चांगला आहे. पण त्यात दोन वेगवेगळी नावं आहेत. एक, 'हाताने मैला साफ करणारा'. दुसरं, गटार आणि सेप्टिक टँकची 'धोकादायक सफाई'. आणि व्याख्येखाली एक स्पष्टीकरण आहे. सरकारने ठरवून दिलेली उपकरणं आणि संरक्षक साधनं वापरून कुणी मैला साफ करत असेल, तर त्याला 'हाताने मैला साफ करणारा' मानायचं नाही. म्हणजे हात तोच, मैला तोच, जात तीच. हातमोजे घातले की यादीतलं नाव गेलं.

त्याचा परिणाम काय झाला ते २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात दिसलं. सामाजिक न्याय मंत्रालयाने संसदेत सांगितलं की हाताने मैला साफ करताना कुणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच अधिवेशनात असंही सांगितलं की गटारं आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईत ९४१ जण मेले. दोन्ही उत्तरं कायद्याच्या भाषेत बरोबर आहेत. माझ्या अकरावीच्या फॉर्मसारखी, त्यात एक अक्षरही खोटं नाही. एका नावाखाली शून्य आणि दुसऱ्या नावाखाली ९४१.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने आणखी एक आकडा दिला. सर्वेक्षणांत सापडलेले हाताने मैला साफ करणारे ५८,०९८. त्यातल्या ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती होती आणि त्यातले ४२,५९४ अनुसूचित जातीचे. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव. पण पदनामात, टेंडरमध्ये, योजनेच्या नावात जात कुठेच नसते. तिथे 'हेल्पर' असतो, 'मजूर' असतो, 'मनुष्यबळ पुरवठा' असतो. जात कामावर हजर असते, मस्टरवर नसते.

नवीन नावंही येत असतात. कोविडमध्ये आपल्या लोकांना 'योद्धा' केलं. २०२३ च्या अर्थसंकल्पीय भाषणात मॅनहोलचं 'मशीनहोल' करू असं सांगितलं गेलं. मशीन आलं तर मला आनंदच आहे, माझ्या घरातला माणूस वाचेल. पण नाव आधी आलं आणि मशीन मागून येणार असेल, तर मधल्या काळात मरणाऱ्याला काय म्हणायचं? आणि योद्धा म्हटलं की आणखी एक सोय होते. योद्धा मेला तर तो शहीद होतो. शहिदाच्या मुकादमाला कुणी कोर्टात खेचत नाही.

हे आपल्याला नवीन नाही. गांधीजींनी आपल्याला 'हरिजन' म्हटलं. शब्द वाईट नाही, देवाची माणसं. मग बाबासाहेबांना तो का चालला नाही? जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात लोकल बोर्डाच्या विधेयकात हा शब्द घालायचं ठरलं, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला. ज्यांना नाव द्यायचं त्यांनाच ते नको आहे, हे सांगूनही सरकारी पक्षाने ऐकलं नाही. तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षासह सभागृहातून बाहेर पडले. त्याआधी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसमोर त्यांनी आणि श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिलं, त्यातही 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव बदलण्याची मागणी होती. ज्या माणसापुढे मतदारसंघ, नोकऱ्या, सैन्य, पाणी, जमीन एवढे प्रश्न होते, त्याने नावासाठी वेळ खर्च केला. उगाच नाही केला.

आता बाबासाहेबांनी १९२७ मध्ये काढलेल्या वर्तमानपत्राचं नाव बघा, 'बहिष्कृत भारत'. त्या बाईंचं व्याकरण इथे लावा. 'बहिष्कृत' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी बहिष्कृत केलं? 'दलित' म्हटलं की येतो, कुणी दळलं? 'हरिजन' म्हटल्यावर असा प्रश्न येत नाही. हरीचे जन आहेत, असू द्या. त्या शब्दात आपण आहोत आणि देव आहे. ज्यांनी केलं ते कुठेच नाहीत. 'हरिजन' हा शब्द 'पडला'सारखा आहे. 'बहिष्कृत' हा 'उतरवलं'सारखा आहे.

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, आम्हाला 'दलित'ही नको, आम्ही बौद्ध आहोत. बरोबर आहे. आमच्या घरातही हा वाद जेवताना होतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी स्वतःसाठी नाव निवडलं. आपल्यावर काय केलं गेलं हे सांगणारं ते नाव नाही. आपण काय ठरवलं हे सांगणारं आहे. ते नाव आपलं आहे आणि ते कुणीही काढून घेऊ शकत नाही. पण म्हणून जे केलं गेलं, ते नाव नसलेलं राहू द्यायचं का? माझा आजचा मुद्दा इथेच आहे, आणि तो मला त्या बाईंकडूनच कळला.

मी त्यांना विचारलं होतं की, माझ्या प्रबंधात तुमच्या नवऱ्याबद्दल कसं लिहू? त्या म्हणाल्या, "माझ्या पोरांच्या बापाला मैल्याचं नाव देऊ नका. तो मोटार रिपेर करायचा, पंप बांधायचा. ते लिहा. पण त्याच्यासोबत काय केलं, ते जसं आहे तसं लिहा."

माणसाला तो सांगेल ते नाव द्यायचं आणि त्याच्यावर जे केलं गेलं त्याला त्याचं खरं नाव द्यायचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला नेहमी त्या एकाच आहेत असं भासवलं जातं. 'तुम्हाला हे घाणेरडं नाव नको ना, मग घ्या हे सुंदर नाव', असं म्हणून माणसाचं नाव बदलतात आणि त्याच हाताने गुन्ह्याचं नाव पुसतात.

संविधानात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. माणसांसाठी शब्द आहे 'अनुसूचित जाती'. अनुच्छेद ३४१ प्रमाणे ती एक यादी आहे, तिच्यात दया नाही, कौतुकही नाही. पण अनुच्छेद १७ मध्ये माणसांचं नावच नाही. तिथे कृत्याचं नाव आहे, अस्पृश्यता. ती नष्ट केली आहे आणि तिच्यावरून कुणावर निर्बंध लादणं हा गुन्हा आहे. तो शब्द तिथे अवतरणचिन्हात आहे आणि त्याची व्याख्या दिलेली नाही. व्याख्या दिली असती तर तिच्यातून निसटायला वाट मिळाली असती, असं मला वाटतं. हातमोजांचं स्पष्टीकरण वाचल्यापासून तर जास्तच वाटतं.

आता माझ्या भावाचं ऐका, कारण तो माझं नेहमी ऐकून घेतो. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. वडिलांच्या जागी भाऊ लागला. इतरांच्या घरी 'वारस' म्हटलं की सातबारा आठवतो. आमच्या घरी झाडू आठवतो. त्या नोकरीच्या पगारावर मी दिल्लीत शिकले, हे मी विसरत नाही. भाऊ म्हणतो, "तू नाव काहीही ठेव. मला गमबूट वेळेवर मिळू दे आणि पगार दहा तारखेच्या आत होऊ दे."

तो चुकीचा नाही. नुसतं नाव बदलून पोट भरत नाही. वस्तीचं नाव बदलून नळाला पाणी येत नाही. पण मी त्याला विचारलं, तुझ्यासोबत ठेकेदाराची जी पोरं उतरतात त्यांच्या आईबापाच्या मागे त्यांना नोकरी मिळेल का? तो म्हणाला, नाही, त्यांची नोंद 'हेल्पर' म्हणून आहे. काम तेच, चेंबर तोच. भाऊ 'सफाई कामगार' आहे म्हणून त्याला वारसाहक्क आहे. ते 'हेल्पर' आहेत म्हणून त्यांना नाही. आणि गमबूट मागायचा त्याचा हक्कसुद्धा कायद्यातल्या 'धोकादायक सफाई' या शब्दांवर उभा आहे. तो गप्प बसला. मग म्हणाला, "मग त्या पोरांना सांगायला पाहिजे." मी त्याला हरवलं असं नाही. त्याला गमबूट हवेत आणि मला शब्द हवा. शब्दाशिवाय गमबूट मागता येत नाहीत आणि गमबूट मिळाले नाहीत तर शब्दाला अर्थ नाही.

मित्रांनो, मैत्रिणींनो, हे सगळं मी तुम्हालाच का सांगते? कारण आपल्या आजोबांची नावं दुसऱ्यांनी लिहिली. शाळेच्या दाखल्यावर, मस्टरवर, पंचनाम्यात. त्यांना अंगठा करायचा होता. तुम्ही मात्र लिहिणारे होणार आहात. कुणी फौजदार होईल, कुणी नगरपालिकेत क्लार्क, कुणी वार्ताहर, कुणी इंजिनिअर. एक दिवस तुमच्यासमोर कोरा रकाना येईल. तेव्हा एवढंच करा. वाक्य लिहून झालं की बघा, त्यात करणारा आहे का? नसेल तर तो खरंच नव्हता, की मी त्याला जाऊ दिलं?

माझ्या सादरीकरणाच्या वेळी मला सांगण्यात आलं की 'उतरवलं' हा शब्द पक्षपाती आहे, संशोधनाची भाषा तटस्थ हवी. मी म्हटलं, 'पडला' हासुद्धा एक दावा आहे. त्यालाही पुरावा लागतो. तो कुणी मागितला नाही, कारण तो आधीच कागदावर होता. माझ्याकडे शेजारच्या दोघांचे जबाब आहेत, ठेकेदाराने फोन केल्याची वेळ आहे. तो शब्द मी बदललेला नाही.

त्या बाईंनीही फेरचौकशीचा अर्ज दिला आहे. अर्ज लिहायला आम्ही तिघीजणी बसलो होतो. त्यात पहिल्याच ओळीत 'उतरवले' आहे. निकाल अजून लागलेला नाही.

शेवटचं. मागच्या महिन्यात एका शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला. पुन्हा तोच रकाना. या वेळी लिहिलं, 'सफाई कामगार. गटाराच्या चेंबरमध्ये उतरवले जात असे.' रात्री फोनवर पप्पांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. म्हणाले, "एवढं कशाला लिहिलंस?" मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. मी म्हटलं, काढून टाकू का? तर म्हणाले, "काढू नको. लिहिलंच आहेस तर पूर्ण लिही. एकोणतीस वर्षं, असं लिही."

मी लिहिलं.

जय भीम.